रुळाची तुळई

नागूच्या चहात वरून गंजाची खपली पडली. नखाएवढीच होती. आधी तरंगली, मग कपाच्या कडेला जाऊन चिकटली. त्याने ती बोटाने काढली, धोतराला पुसली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. लोखंड पोटात जाऊन कुणी मरत नाही; तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाच्या पोटात शेरभर गंज सहज गेला असेल. वर बघायचं नाही असं सकाळपासून ठरवलेलं असूनही त्याने वर पाहिलं. डोक्यावर दोन रूळ आडवे होते. घराच्या मागच्या भिंतीपासून नव्या भिंतीपर्यंत, तुळयांच्या जागी. त्यांच्यावर आंब्याच्या फळ्या, फळ्यांवर भाताची पोती आणि मुलाचं, हिरामणचं, अंथरूण. खाली ही नवी खोली. हिरामण, त्याची बायको चंद्रा, त्यांची मोठी मुलगी आणि अकरा दिवसांचा मुलगा, एवढ्यांसाठी बांधलेली. उद्या बारसं होतं, आणि पाळणा याच रुळाला टांगायचा होता. आणि आज दहा वाजता लोकल बोर्डाचा ओव्हरसियर रूळ बघायला येणार होता. बायकोने, भागूने, ते सकाळपासून तीनदा सांगितलं, असं भागूचं म्हणणं. नागूच्या हिशेबी तिने एकदाच सांगितलं होतं.

हा ओव्हरसियर इतकी वर्षं कधी दहिवलीत कुणाच्या घरात शिरला नव्हता. लोकांनी गोठे वाढवले, पडव्या काढल्या, माड्या चढवल्या. कुणी विचारलं नाही. पण गेल्या श्रावणात खालापुरात एका भुसारी दुकानावरची माडी भर दुपारी खाली आली. तुळईच्या जागी जुना रूळ घातला होता, तो मधोमध तुटला. दोन माणसं गेली. तेव्हापासून ज्याने ज्याने घरात जुनं लोखंड घातलं, त्याचं घर बघायचं आणि पटलं नाही तर उतरवायला लावायचं, असा हुकूम निघाला. हुकूम काढणाऱ्याला काय जातंय? लढाई संपून वर्ष झालं तरी नवं लोखंड परमिटाशिवाय मिळत नव्हतं, आणि परमिट तर ज्याचा काका कचेरीत त्यालाच. सागाचा वासा जंगलखात्याच्या डोळ्यांदेखत आणायचा म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. राहिला जुना रूळ. कर्जतपासून नेरळपर्यंत ज्याने खोली वाढवली त्याने रूळच घातला होता. मग नागूने घातला तर कुठं बिघडलं? हे त्याने स्वतःला इतक्या वेळा विचारलं होतं की त्या प्रश्नातली धार केव्हाच गेली होती.

बिघडलं ते वखारीत. घाटातल्या जुन्या वाटेचे उपटलेले रूळ एका भंगारवाल्याने लिलावात घेऊन स्टेशनामागच्या वखारीत आणून टाकले होते. चाळीसेक असतील. नागू रूळ निवडायला येणार म्हटल्यावर बैलगाडीवाले बिड्या विझवून उभे राहिले. कर्जतच्या सगळ्या गँगमध्ये कान म्हणजे नागूचा. बाकीचे कीमन, रोज वाटेने चालत रूळ तपासणारे, हातोडा मारून पुढं जायचे. नागू मारायचा, मान तिरकी करायचा, डोळे मिटायचा, आणि सांगायचा, इथून दोन हातांवर चीर आहे. रूळ उपटून बघावा तर तिथंच चीर. गोरा साहेबही एकदा त्याच्या मागे मैलभर चालला होता, नुसता बघायला. त्या दिवशी वखारीत नागूने तसंच केलं. हातोडा मारला, मान तिरकी केली, डोळे मिटले. सुक्या भोपळ्यावर बुक्की मारावी तसा ठप्प आवाज. दुसऱ्या रुळावर तसाच. तिसऱ्यावर तसाच. चाळीसही रूळ फुटके असतील असं होऊ शकत नाही, हे काय त्याला कळत नव्हतं? फुटका एकच होता, आणि त्याने तो स्वतःच्या धडावर उचलून आणला होता. पण गाडीवाले बघत होते. हिरामण बघत होता. नागूने डोळ्यांना जे दोन जाडजूड दिसले त्यांच्यावर हात ठेवला आणि म्हणाला, हा आणि हा. सगळ्यांनी माना डोलावल्या. हिरामणच्या चेहऱ्यावर तर बापाचा असा काही अभिमान होता की नागूला तिथून पळून जावंसं वाटलं.

कान एकदम गेला असता तर बरं झालं असतं. जत्रेत पाकीट गेल्यासारखं कळलं तरी असतं. हा गेला चोरपावलांनी. आधी रातकिडे गेले. त्याला वाटलं, यंदा किडेच कमी आहेत. मग भागूच्या बांगड्या गेल्या. ती मागे येऊन उभी राहिली की तो दचकायला लागला. माणसांचं बोलणं येत होतं, इंजिनाचं येत होतं, कुत्र्याचं येत होतं. बारीक, वरच्या पट्टीचं जे काही असेल ते तेवढं जगातून उठून गेलं होतं. एका सकाळी ठाकुरवाडीच्या खाली, बोगद्याच्या तोंडाशी, त्याने रुळावर हातोडा मारला आणि रूळ मुका झाला. त्याने पुन्हा मारला. पुढच्या रुळावर मारला. शंभर पावलं तो वेड्यासारखा मारत गेला. मग मोरीच्या कठड्यावर बसला आणि रडला. बाप मेला तेव्हाही एवढा रडला नव्हता.

सांगायला हवं होतं. रेल्वेच्या डॉक्टरपुढं उभं राहायचं, तो कानाशी घड्याळ धरतो, येतंय का विचारतो, नाही म्हणायचं, संपलं. फार तर फाटकावर बसवलं असतं. उपाशी मरू दिलं नसतं कुणी. म्हणजे पोटासाठी लपवलं असं म्हणायचीही सोय नव्हती, आणि नागू एकटा असताना स्वतःशी तसं खोटं बोलत नसे. त्याने नावासाठी लपवलं. नाव गेल्यावर जो उरला असता त्याच्याशी त्याची ओळख नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ त्याने दोन पावसाळे झाकली.

पहिल्या पावसाळ्यात पोशा होता. वर ठाकरांच्या वाडीतला, गँगमधला हरकाम्या, नागूबरोबर पाना आणि रुळाला ठोकायच्या लाकडी चाव्यांची पिशवी घेऊन चालायचा. पोशाचा कान रानातला, पाचोळ्याखालचा सरडा सांगेल असा. नागू हातोडा मारायचा आणि रुळाकडे न बघता पोशाच्या तोंडाकडे बघायचा. पोशाचं तोंड जसंच्या तसं राहिलं की पुढं जायचं. एकदा तो थांबला, पिशवी खाली ठेवली आणि इथं पुन्हा मारा म्हणाला. नागूने मारलं, मान तिरकी केली, डोळे मिटले, आणि चीर आहे म्हणाला. चीर होती. नागूला साहेबाने शाबासकीचा कागद दिला. पोशाने त्यावर कधी एक अक्षर काढलं नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्याने नागूला कळू दिलं नाही. एवढी अब्रू आपली कुणी राखली नसेल, असं नागूला वाटायचं आणि त्याच वेळी त्याचा राग यायचा. मग दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर पोशाने काम सोडलं. बापाची जमीन करायला माणूस नव्हतं, एवढंच सांगून गेला. नवा माणूस आला तो कोकणातला, त्याला रूळ काय नि खिळा काय. तो सगळा पावसाळा नागू एकट्याने चालला. ज्येष्ठापासून दिवाळीपर्यंत, धुकं, पाऊस, दरडी, आणि मुके रूळ. रोज संध्याकाळी तो मुकादमाला सांगायचा, सगळं ठीक.

आणि हिरामण त्याच रुळांवरून रोज वर जायचा. घाटात गाडीला मागून रेटणारं इंजिन लागतं, त्यावर तो मदतनीस. सकाळची पुण्याकडची गाडी बोगद्याच्या तोंडाशी यायच्या आत नागू तिथं पोचलेला असायचा आणि सगळी गाडी डोळ्यांसमोरून गेल्याशिवाय हलायचा नाही. शेवटी हिरामणचं इंजिन. हिरामण दारातून हात करायचा. नागूही हात करायचा. मग ते शेवटचं इंजिन वळणाआड जाईपर्यंत नागूच्या पोटात जे व्हायचं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. भागूला वाटायचं त्याला अपचन आहे, ती ओवा द्यायची. काही झालं नाही. एकही रूळ तुटला नाही. दिवाळीत नागू हार घालून घेऊन रिटायर झाला. देवाने निभावलं म्हणावं तर मग खालापूरच्या दुकानातल्या दोघांनी देवाचं काय घोडं मारलं होतं, हेही मनात यायचं.

दहाला पाच कमी असताना टिपणीस ओव्हरसियर आला. सायकल ओट्याला लावली, टोपी काढून घाम पुसला. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, बोलायला मऊ. तो आल्या आल्या खेकसला असता तर नागूला सोपं गेलं असतं. त्याने पाणी मागितलं, बाळ किती दिवसांचं विचारलं, भिंतीची जाडी हाताने मोजली, चुन्यात नख घालून पाहिलं आणि काम चांगलं आहे म्हणाला. हिरामण रात्रपाळी करून आला होता, झोपला नव्हता. तो ओव्हरसियरच्या मागे मागे होता. भागू चुलीपुढं. चंद्रा जुन्या खोलीच्या उंबऱ्यात, मूल पदराखाली. ही खोली नसती तर हिरामण लोणावळ्याच्या क्वार्टरमध्ये केव्हाच गेला असता. दोन वर्षं त्याचा साहेब त्याला क्वार्टर घे म्हणत होता. नागूनेच हात जोडून थांबवलं होतं. खोली बांधतो, माडी चढवतो, पण पोरांना घेऊन जाऊ नको. आयुष्यात त्याने मुलाकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

मग टिपणीसने वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. शिडी मागितली, चढला आणि रुळाच्या खालच्या अंगावरून बोट फिरवत गेला. तिथं दर दोन हातांवर एक खाच होती. जुने दोन डोक्यांचे रूळ ते. वरही डोकं, खालीही डोकं. ओतीव लोखंडाच्या बैठकांत, गँग त्यांना खुर्च्या म्हणे, ते बसवायचे, बाजूने लाकडी चावी ठोकून आवळायचे, आणि वरून तीस वर्षं गाड्या गेल्या की खुर्ची जिथं टेकली तिथं खालचं डोकं खाल्लं जायचं. टिपणीसने विचारलं, खाचांची बाजू खाली का ठेवली? ओझं आलं की तुळई खालून ताणली जाते, चीर खाचेतच सुरू होते. रूळ उलटा फिरवून घातला असता तर गुळगुळीत बाजू खाली आली असती. नेरळच्या गवंड्यानेही तेच सांगितलं होतं. रूळ चढवायच्या दिवशी, नारळ फोडून हळदकुंकू लावल्यावर, त्याने दोरखंडात अडकवलेला रूळ फिरवायला घेतला आणि नागू त्याच्या अंगावर धावून गेला होता. रूळ उलटा करायचा नाही. ज्या अंगावरून गाडी गेली ते अंग वर. गँगमधला कुठलाही माणूस तेच म्हणाला असता. उलटा रूळ त्यांनी एकदाच पाहिला होता, गाडी घसरली त्या सकाळी, आणि त्यानंतर गँगमध्ये कुणी उपटून ठेवलेला रूळसुद्धा पालथा पडू देत नसे. गवंडी हसला होता. म्हणाला, म्हातारबा, इथून कुठं गाडी जायची हाय?

हे सगळं नागूने टिपणीसला सांगितलं नाही. रूळ असाच असतो, एवढंच म्हणाला. टिपणीस शिडीवरून उतरला, हात झटकले, खिशातून कागद काढला. मऊपणानेच म्हणाला, "हे बघा, नागूबुवा, मी रस्ते आणि मोऱ्यांचा माणूस. रूळ आतून कसा आहे ते मला कळत नाही, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या साहेबालाही कळत नाही. तुमचं नाव मी ऐकून आहे. तुम्ही वाजवून सांगा. चांगला आहे म्हणालात तर रेल्वेच्या जुन्या कीमनने पारखून दिला असं मी लिहितो, तुम्ही खाली अंगठा करा. खाचा असल्या तरी हरकत घेणार नाही."

हिरामणच्या तोंडावरचा ताण एकदम उतरला. तो हसला, आणि आत जाऊन हातोडा घेऊन आला. लांब दांड्याचा, नागूचाच. रिटायर होताना गँगने तो त्याला दिला होता. नागूने तो हातात घेतला तेव्हा त्याला खरोखर बरं वाटलं, हाताला बरं वाटलं. हाताचं आणि दांड्याचं जुनं होतं. शेवटच्या पावसाळ्यात तो स्वतःला हेच सांगायचा की कान गेला तर काय झालं, हाताला कळतं. चांगला रूळ दांड्यातून हाताला मुंग्या आणतो, फुटका आणत नाही. कधी ते खरं वाटायचं. कधी वाटायचं, मुंग्या म्हाताऱ्याच्या हाताला येतातच.

त्याने मारलं. पहिल्या रुळावर, मधोमध. मान तिरकी केली. डोळे मात्र मिटले नाहीत. सवयीने त्याची नजर पोशाचं तोंड शोधायला गेली. तिथं टिपणीस होता, आणि टिपणीस नागूच्या तोंडाकडे बघत होता. त्याने हिरामणकडे पाहिलं. हिरामण त्याच्या तोंडाकडे बघत होता. चुलीपुढून भागू बघत होती. चंद्रा उंबऱ्यातून बघत होती, तोंड अर्धवट उघडं, जणू सासरा आता एखादा शुभ मुहूर्त सांगणार आहे. आवाज सगळ्यांनी ऐकला होता, त्याच्याखेरीज. आणि त्या आवाजाचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. तो सांगेल ते त्यांनी ऐकलेलं ठरणार होतं. खणखणीत म्हणाला तर सगळ्यांना खणखणीतच ऐकू आलेलं असणार. त्याने दुसऱ्यांदा मारलं, उगाच, वेळ काढायला. हाताला मुंग्या आल्या. आल्या की नाही? मूल हललं आणि चंद्राने त्याच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. उद्या ते इथं, या दोन फुटांच्या जागेत, लोंबकळत झोपणार होतं. हिरामण हात करून वर गेला तेव्हा निदान तो इंजिनावर होता, उडी मारू शकला असता.

नागूने हातोडा भिंतीला टेकवून ठेवला.

"सायेब, मला ऐकू येत नाय."

टिपणीसला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं बोलणं कळलं नाही. तो पुढं वाकला आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सगळं सांगायला लागला, रूळ, कागद, अंगठा. नागूने हात वर करून त्याला थांबवलं.

"तुमचं येतं. रुळाचं येत नाय."

टिपणीस कागदाकडे बघत राहिला. भला माणूस, त्याला लाज वाटत होती, आणि ती आपल्याला वाटायला हवी होती असं नागूला वाटलं. पण त्याला लाज वाटत नव्हती. छातीवरून पोतं उतरल्यावर माणूस जसा क्षणभर नुसता उभा राहतो तसा तो उभा होता. खोली गेली, हे त्याला कळत होतं. नाव गेलं, हेही. हिरामण अजून बापाकडेच बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी मागे मागे चालत जात होतं. दसरा, श्रावण, आषाढ. नागूने ते पाहिलं. त्याने तर या खोलीपुरतंच बोलायचं ठरवलं होतं.

"कवापासून?" हिरामणने विचारलं.

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. दिवाळीपासून, असं म्हणता आलं असतं.

"दोन पावसाळं."

टिपणीसने कागद घडी करून खिशात ठेवला. आज काही लिहीत नाही म्हणाला. फळ्या उतरवून रूळ खाली घ्या, पारखणारा दुसरा कुणी मिळाला तर बघू, तोवर इथं कुणी झोपायचं नाही. पाणी दिल्याबद्दल भागूला नमस्कार केला आणि सायकल घेऊन गेला. हिरामण जागचा हलला नाही. शेवटी तो बोलला तेव्हा आवाज इतका साधा होता की नागूला एकेक शब्द ऐकू आला.

"मी रोज त्याच गाडीवर व्हतो, आबा."

"ठाऊक हाय."

"तुमी हात करत व्हता."

नागूला सांगायचं होतं की मी गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथं उभा असायचो, एक दिवस चुकलो नाही, तापात असतानाही गेलो. त्याने तोंड उघडलं आणि त्याला कळलं की हे सांगण्यासारखं नाही. उभं राहून काय झालं असतं? गाडी गेली असती तर तिला त्याने काय हातांनी धरलं असतं? म्हणून तो एवढंच म्हणाला, "व्हय, करत व्हतो."

हिरामण शिडी चढून माडीवर गेला. अंथरूण गुंडाळल्याचं, पोती सरकवल्याचं वरून ऐकू येत होतं. मग फळ्या उचकटायला सुरुवात झाली. नागू खाली उभा राहिला आणि फळीचं टोक खाली आलं की धरायला लागला. हिरामण टोक सोडत होता, पण बघत नव्हता. तिसरी फळी देताना तो पाठ करून काहीतरी म्हणाला. नागूला वाटलं आपल्याला म्हणाला. पण चंद्रा उंबऱ्यातून उठली, एकदा सासऱ्याकडे पाहिलं, मूल छातीशी धरलं आणि आत गेली. आत पेटी ओढल्याचा आवाज झाला.

नागूने फळी भिंतीला लावली आणि भागूकडे पाहिलं. एरवी त्याने विचारलं नसतं. दोन वर्षं नीट ऐकू न आलेल्या बोलण्याला तो नुसती मान हलवत आला होता.

"काय म्हनला त्यो?"

भागू चुलीपुढून उठली. हात लुगड्याला पुसले, त्याच्याजवळ आली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून तोंड त्याच्या कानाशी नेलं. इतकं जवळून बोलायची गरज नव्हती, तिचा आवाज त्याला येत होता. ते तिला सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

"लोनावळ्याला कॉटर घेतो म्हनतो. आजच जायाचं. बारसं थितंच करू म्हनतो."

तिने मागे होऊन त्याच्याकडे पाहिलं, पोचलं की नाही ते बघायला.

"ऐकू आलं," नागू म्हणाला, आणि पुढची फळी धरायला वळला.